मोठ्या संस्थेबरोबर काम करताना: सत्तेचा हिशेब आधी कसा मांडायचा

पावसाळा तोंडावर आला की मला फोन सुरू होतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या तालुक्यांतून: शिरोळ, करवीर, हातकणंगले, कधी गगनबावडा. कुणाचा महिला बचत गटांचा संघ असतो, कुणाचं तरुण मंडळ, कुणी नदीकाठच्या गावात मुलांची अभ्यासिका चालवतं. तक्रार एकच: "दादा, बरोबरीनं काम करायचं म्हणून गेलो, आणि सहा महिन्यांत आम्ही त्यांची गडीमाणसं झालो."

भांडण सहाव्या महिन्यात होतं. पण बाजी हातातून गेलेली असते पहिल्या बैठकीच्याही आधी, कारण तयारी न करता माणसं तिथं जाऊन बसतात. म्हणून हा लेख. पायऱ्यांचा क्रम पाळा. करारावर आधी सही आणि मग "आपल्यात कोण काय ठरवणार" ही चर्चा, असा उलटा क्रम मी इतक्यांदा पाहिलाय की आता फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतो: सही झाली का?

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. संयुक्त कामात सत्ता अध्यक्षाच्या खुर्चीत फार कमी असते. बैठकीची तारीख कोण ठरवतं, इतिवृत्त कोण लिहितं, लाभार्थ्यांची यादी कुणाच्या लॅपटॉपमध्ये आहे, हप्ता कुणाच्या खात्यावर जमा होतो, जिल्हाधिकारी कार्यालयात कुणाचा फोन उचलला जातो, ती तिथं असते. कुणीतरी ती वापरल्याशिवाय काम हलत नाही, त्यामुळे वापरणं वाईट नाही. कुणी, कुठवर वापरायची हे न ठरवता तिला वाहू दिलं की ती उताराच्या बाजूला जाते. उतार नेहमी पैशाकडे असतो.

## पायरी १: आधी घरचा कागद

वहीच्या पानाच्या मधोमध एक रेघ मारा. डावीकडे लिहा: आपल्याला त्यांच्याकडून काय लागतं. उजवीकडे: त्यांना आपल्याकडून काय लागतं.

पहिल्यांदा बसलं की डावीकडे दहा ओळी भरतात आणि उजवीकडे दोन. ही पहिली चूक. रिचर्ड एमर्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९६२ मध्ये एक साधं सूत्र मांडलं होतं: समोरच्याची आपल्यावरची सत्ता म्हणजे आपलं त्याच्यावरचं अवलंबित्व. उलट बाजूनंही तेच खरं. त्यामुळे उजवी बाजू भरणं म्हणजे स्वतःची फुशारकी नाही, तो हिशेब आहे.

उजव्या बाजूला काय येतं? कुठल्या गल्लीत पाणी आधी शिरतं हे तुम्हाला माहीत आहे. कोणती म्हातारी एकटी राहते, कुणाची जनावरं कुठं हलवायची, दूध संस्थेचा हॉल कुणाला सांगितला की उघडतो. ग्रामसभेत तुमच्या शब्दावर माणसं हात वर करतात. त्यांच्या अहवालाला लागणाऱ्या सह्या, फोटो, नोंदी तुमच्याशिवाय मिळत नाहीत. प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न लिहा: हे त्यांना दुसरीकडून किती दिवसांत मिळेल? "उद्या" असं उत्तर असेल तर ती ओळ कच्ची. "वर्षभरात नाही" असेल तर तिच्याखाली रेघ ओढा.

मग दोन्ही बाजूंच्या ओळींवर तीनपैकी एक खूण करा. सिंथिया हार्डी आणि नेल्सन फिलिप्स यांनी ब्रिटनमध्ये निर्वासितांच्या प्रश्नात गुंतलेल्या संस्थांचा अभ्यास करून १९९८ मध्ये सत्तेचे तीन उगम सांगितले: औपचारिक अधिकार, सहज न मिळणारी साधनं, आणि बोलण्याची मान्यता, म्हणजे "या विषयावर बोलायचा हक्क यांचा आहे" असं इतरांनी मानणं. छोट्या संस्थेकडे पहिले दोन बेताचेच असतात. तिसरा मात्र भरपूर असतो, आणि तोच कागदावर मांडायचा राहून जातो.

तिसऱ्याचं वजन किती असतं हे आपल्या गावानं नुकतंच पाहिलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला उतरवल्या, मूळ कुठलं ते न सांगता. इथल्या कारागिराकडे त्या कंपनीपुढे टिकेल असा पैसा नव्हता. पण ही चप्पल कुणाची, हे सांगायचा हक्क कुणाचा याबद्दल लोकांच्या मनात शंका नव्हती. कंपनीला मूळ मान्य करावं लागलं, तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली आणि वर्षअखेरीस दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झाला. यातली दुसरी बाजूही नीट बघा: मान्यता कारागिराची, सही महामंडळांची. तुमच्या मान्यतेच्या जोरावर टेबल मांडलं जाईल, पण त्या टेबलावर तुमची खुर्ची आपोआप येत नाही. ती मागावी लागते.

पानाच्या तळाशी एक ओळ मोकळी ठेवा: "हे नसेल तर आपण काम घेणार नाही." एकच अट, फार तर दोन. सात अटी लिहिल्या की बैठकीत सातही सुटतात.

हे पान कार्यकारी मंडळापुढे ठेवून ठराव करून घ्या. चर्चेला जाणाऱ्या दोघांची नावं ठरावात लिहा. त्यांनी जागेवर कशाला हो म्हणायचं आणि कशाला "मंडळाला विचारून सांगतो" म्हणायचं, तेही लिहा.

सावध: एकट्या माणसाला कधीही पाठवू नका. समोरून चार माणसं बोलत असतात. एकट्यानं ऐकायचं, लिहून घ्यायचं आणि उत्तरही द्यायचं, हे जमत नाही.

तपासा: पान पुरं झाल्यावर कार्यकारी मंडळात नसलेल्या गावातल्या कुणाला तरी वाचून दाखवा. उजव्या बाजूला ते हमखास दोन ओळी वाढवतात.

## पायरी २: कागद पुरे करा, नाहीतर पैसा दुसऱ्याच्या खात्यावर जातो

ही पायरी कंटाळवाणी आहे, थोडक्यात सांगतो. नोंदणी प्रमाणपत्र, घटना, मागच्या ३ वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन, आयकर सवलतीच्या नोंदण्या (१२अ, ८०ग). कंपनीचा सीएसआर निधी (कंपनीनं सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा) थेट घ्यायचा असेल तर सीएसआर-१ या अर्जानं संस्थेची नोंदणी लागते, १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे. तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो.

सर्वात जास्त अडतं ते चेंज रिपोर्टवर, म्हणजे विश्वस्त बदलल्याच्या नोंदीवर. विश्वस्त बदललेले असतात, धर्मादाय कार्यालयात अर्ज पडून असतो, बँकेत सही जुन्या अध्यक्षाची. समोरचे गोड आवाजात म्हणतात, "तुमचं कागदांचं होईपर्यंत रक्कम आमच्याकडेच राहू दे." त्यात त्यांचा डाव असेलच असं नाही. पण त्या एका वाक्यानं पुढची दोन वर्षं प्रत्येक खर्चाला तुम्ही परवानगी मागणार, हे ठरून जातं.

तपासा: बँक खात्यावर आज ज्यांच्या सह्या चालतात तेच आजचे पदाधिकारी आहेत का? नसतील तर बैठक महिनाभर पुढे ढकला. तेवढी किंमत परवडते.

## पायरी ३: पहिली बैठक

ख्रिस हक्सम आणि सिव्ह वांगेन यांनी संस्थांच्या भागीदाऱ्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचं निरीक्षण मला रोज पटतं: सगळ्यांचं लक्ष पैसा कुणाचा याकडे असतं, आणि सत्ता मात्र बारीकसारीक जागी हलत असते. उपक्रमाला नाव कोण देतं, कुणाला बोलावायचं हे कोण ठरवतं, बैठक कुणाच्या जागेत होते, ती कोण चालवतं.

आमच्या संस्थेचं काय झालं ते सांगतो. २०१९च्या महापुरानंतर एका मोठ्या संस्थेनं आम्हाला आणि शिरोळ तालुक्यातल्या तीन गटांना पुनर्वसनाच्या संयुक्त कामासाठी बोलावलं. ताराबाई पार्कातलं हॉटेल, सकाळी अकराची वेळ. बायका पहाटे धारा काढून, दुधाच्या किटल्या संस्थेत घालून, एसटी बदलत आल्या. पडद्यावर इंग्रजीतलं सादरीकरण. शेवटी प्रश्न, "मग आपलं सगळ्यांचं एकमत आहे ना?" कुणी बोललं नाही. जेवणाआधी मी एक हरकत घेतली: घरांची यादी गावात वाचून दाखवल्याशिवाय पक्की करू नये. साहेब म्हणाले, चांगला मुद्दा आहे. नऊ दिवसांनी इतिवृत्त आलं. त्यात "यादीची पद्धत सर्वानुमते मान्य" एवढंच होतं, माझी हरकत नव्हती. मी ते वाचलं आणि उत्तर पाठवलं नाही. पाच महिन्यांनी यादीतून सुटलेली माणसं आमच्या दारात आली, तेव्हा तोच कागद आमच्यापुढे ठेवला गेला. ती चूक पहिल्यांदा माझी होती. नऊ दिवसांनी आलेल्या कागदाला दहाव्या दिवशी उत्तर द्यायला हवं होतं.

त्यातून शिकून आता बैठकीआधी मी पाच गोष्टी फोनवर न बोलता लेखी मागतो.

१. ठिकाण. पहिली बैठक त्यांच्याकडे झाली तर दुसरी आपल्याकडे. तालमीचा हॉल, दूध संस्थेचं कार्यालय, शाळेचा वर्ग, काहीही चालेल. त्यांना गाव बघू दे, आपल्या माणसांना आपल्या जमिनीवर बसून बोलू दे.

२. वेळ. धारेची वेळ टाळा. गळीत हंगामात आणि ऊसतोड आपल्या शिवारात आल्यावर कोण येऊ शकणार नाही, ते आधी सांगा. वेळ ठरवतानाच कोण बोलणार आणि कोण गैरहजर राहणार, हे ठरत असतं.

३. भाषा. बोलणं मराठीत, कागद मराठीत. इंग्रजी प्रत हवी असेल तर ती दुसरी प्रत. ही मागणी करताना संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण जो कागद आपल्या कोषाध्यक्ष वहिनींना वाचता येत नाही, त्यावरचं त्यांचं मौन म्हणजे संमती नव्हे.

४. विषयपत्रिका. किमान ३ दिवस आधी हवी आणि त्यात आपला एक विषय तरी नावानिशी हवा. "ऐनवेळचे विषय" या ओळीत आपला मुद्दा ढकलू देऊ नका, त्या ओळीपाशी पोचेपर्यंत चहा आलेला असतो. जो विषय पत्रिकेवर आलाच नाही त्यावर कुणी आपल्याला "नाही" म्हणत नाही. तो नुसता राहून जातो. नकार निदान दिसतो तरी, पत्रिकेवरच न आलेला विषय कुणाला दिसतही नाही.

५. इतिवृत्त. आळीपाळीनं लिहा. एक बैठक त्यांनी, एक आपण. मसुदा ४८ तासांत, दुरुस्त्या पुढच्या ५ दिवसांत, त्यानंतर पक्कं. कोणत्या मुद्द्यावर कुणी हरकत घेतली, हा रकाना ठेवाच.

नावाचंही सांगतो. "अमुक फाउंडेशन पूरमुक्त गाव अभियान" असं नाव छापलं गेलं की त्या गावातलं तुमचं दहा वर्षांचं काम लोकांच्या तोंडी त्यांचं होतं. नाव कामाचं असावं, कुठल्याही संस्थेचं नको.

तपासा: बैठकीहून परतताना एसटीतच दोघांनी मिळून लिहून काढा: आज काय ठरलं, काय ठरलं नाही, कोण बोललं नाही. रात्री घरी गेल्यावर हे आठवत नाही.

## पायरी ४: कोण काय ठरवणार

या पायरीला सर्वात जास्त वेळ द्या. करारात "दोन्ही संस्था परस्पर सहमतीने निर्णय घेतील" असं सुंदर वाक्य असतं. त्याचा व्यवहारातला अर्थ असा होतो, की ज्याला थांबायला वेळ आहे तो ठरवतो. तुमच्या गावात पाणी चढत असतं, त्यांच्या कार्यालयात नाही. थांबायला वेळ त्यांच्याकडे आहे.

पुढच्या वर्षभरात घ्यावे लागतील असे सगळे निर्णय एका कागदावर लिहा. पंधरा-वीस निघतात. लाभार्थी कोण, साहित्य कुठून घ्यायचं, स्थानिक कार्यकर्त्यांची निवड आणि मानधन, पत्रकारांशी कोण बोलणार, फोटो कुठं वापरायचे, खर्चाचं शीर्ष बदलायचं असेल तर कुणाला विचारायचं, तिसरी संस्था जोडायची का. प्रत्येकापुढे चार रकाने: ठरवणार कोण, आधी विचारायचं कुणाला, नंतर कळवायचं कुणाला, आणि अडवू शकणार कोण.

चौथा रकाना बहुतेक जण सोडतात. ठरवायचा अधिकार मिळाला नाही तरी अडवायचा अधिकार मागता येतो, आणि पुष्कळदा तो पुरतो. लाभार्थी यादी त्यांनी ठरवू दे. पण गावात जाहीर वाचन झाल्याशिवाय ती पक्की होणार नाही, हा अडवायचा अधिकार तुमच्याकडे असेल तर यादी नीटच होते. उलट सगळंच अडवायचा हक्क मागू नका. दोन-तीन जागी मागा आणि त्या पायरी १च्या पानावरून निवडा.

आता यातली कोल्हापूरची युक्ती. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पुराच्या संयुक्त कामात निर्णयाचा अधिकार याच आकड्यांना बांधा.

पाणी ३९ फुटांच्या खाली असताना सगळे निर्णय संयुक्त, आठवड्याच्या बैठकीत. ३९ ओलांडलं की वाहन, चारा, साहित्य हलवणं आणि ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च स्थानिक समन्वयक ठरवणार, मोठ्या संस्थेला संध्याकाळी एकदा कळवणार. ४३ ओलांडलं की स्थानिक संस्था ठरवणार, परवानगी लागणार नाही, हिशेब पाणी उतरल्यावर ७ दिवसांत. पाणी पुन्हा ३९ खाली गेलं की अधिकार आपोआप संयुक्त समितीकडे परत.

हा शेवटचा भाग मोठ्या संस्थेला धीर देतो. आपण अधिकार कायमचा मागत नाही, पाण्यात उभं असतानाचा मागतोय. आम्ही ही मांडणी ठेवली तेव्हा समोरून एकही हरकत आली नाही, कारण आकडा आमचा नव्हता आणि त्यांचाही नव्हता.

पूर नसलेल्या कामातही असा बाहेरचा आकडा शोधता येतो: शाळेतली हजेरी, साठ्यातला माल, थकलेल्या हप्त्याचे दिवस. दोघांनाही दिसणारा आणि दोघांपैकी कुणालाही बदलता न येणारा असावा, एवढंच.

सावध: गाव रिकामं करायचं की नाही, हा निर्णय या दोन्ही संस्थांचा नाही. तो प्रशासनाचा आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तुमच्या तक्त्यात "तहसील आणि जिल्हा नियंत्रण कक्षाशी कोण बोलणार" असा रकाना हवा, आणि तिथं एकच नाव हवं.

## पायरी ५: पैसा

आपल्याकडे दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, म्हणून घरं चालतात. संयुक्त कामात छोटी संस्था नेमकं उलटं मान्य करून बसते: आधी खर्च करा, पावत्या द्या, तपासणी होईल, मग रक्कम. म्हणजे छोटी संस्था मोठ्या संस्थेला बिनव्याजी उसने पैसे देते. हप्ता आगाऊच मागा. पहिला सही झाल्यावर १५ दिवसांत, दुसरा पहिल्याच्या ७०-७५ टक्के खर्चाचा हिशेब दिल्यावर. हिशेब दिल्यापासून किती दिवसांत हप्ता येणार, हा आकडा करारात नसेल तर तुमच्या कार्यकर्त्यांचं मानधन कुणाच्या तरी टेबलावर पडून राहील.

दोन गैरसमज इथंच दूर करतो, कारण त्यांच्या आधारानं छोट्या संस्थांना सर्रास दाबलं जातं.

पहिला: "सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही." नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीनं स्वतःच्या सीएसआर कारभारावर करायच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येत धरलेला नाही. तुमच्या समन्वयकाचा पगार आणि गावोगाव फिरायचं पेट्रोल हा अंमलबजावणीचा खर्च आहे. प्रस्तावात तो त्याच नावानं, कामाला जोडून दाखवा. "कार्यालयीन खर्च" असं मोघम शीर्ष घातलंत तर कात्री तिथंच लागते.

दुसरा: "आम्हाला परदेशातून देणगी आलीय, त्यातला वाटा तुम्हाला देतो." २०२०च्या दुरुस्तीनंतर विदेशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, घेणाऱ्या संस्थेची नोंदणी असली तरी नाही. असं कुणी म्हणालं तर आपल्या सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका. यातून पुष्कळदा वेगळाच रस्ता काढला जातो: तुमची माणसं त्यांच्या पगारावर घेतली जातात. कायद्यानं त्यात अडचण नसेल, पण सत्तेचा विचार करा. काल तुमच्या मंडळाला जबाबदार असलेली ताई आज त्यांच्या साहेबाला जबाबदार आहे. हे मान्य करायचं असेल तर उघड्या डोळ्यांनी करा.

तपासा: हप्ता ६० दिवस उशिरा आला तर काम कशावर चालेल? उत्तर "कोषाध्यक्षांच्या घरातून" असेल तर करार तयार नाही.

## पायरी ६: करार

मसुदा कोण करतो याला अर्धं वजन असतं. समोरच्याच्या मसुद्यावर तुम्ही दुरुस्त्या "मागता". स्वतःचा मसुदा असेल तर त्यांना मागाव्या लागतात. पहिला मसुदा आपणच द्या, दोन पानांचा का असेना. पायरी ४चा तक्ता त्याला परिशिष्ट म्हणून जोडा आणि "परिशिष्ट हा कराराचाच भाग आहे" हे वाक्य घाला. ते नसेल तर तक्ता म्हणजे नुसतं टिपण.

स्टॅम्प ५०० रुपयांचा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० किंवा २०० रुपयांचा स्टॅम्प पुरत नाही. सहीच्या दिवशी धावपळ नको.

कलमं वाचताना या जागी थांबा.

बाहेर पडणं. "संस्था क कोणतेही कारण न देता ३० दिवसांच्या सूचनेने करार रद्द करू शकेल", आणि छोट्या संस्था खसाठी तसं कलमच नाही, असे करार मी पाहिलेत. दोघांनाही सारखा हक्क हवा. झालेल्या कामाचे पैसे किती दिवसांत मिळणार, तेही तिथंच लिहा.

यादी आणि माहिती. घरोघर फिरून गोळा केलेली नावं, आधार, आजार, बँक खाती. ही माहिती फक्त याच कामासाठी, मूळ प्रत गावच्या संस्थेकडे, काम संपल्यावर दुसरी प्रत नष्ट. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, त्यामुळे या मागणीकडे आता कुणी नखरा म्हणून बघत नाही. लोकांनी आजाराची गोष्ट तुमच्या तोंडाकडे बघून सांगितलेली असते, हे विसरू नका.

फोटो आणि श्रेय. चिन्हं कुठल्या क्रमानं, अहवालात दोघांची नावं कशी, बाईचा फोटो तिच्या संमतीशिवाय नाही.

न्यायालय. "वादाचे अधिकारक्षेत्र केवळ मुंबई" किंवा "दिल्ली" असं छापील कलम असतं. ते बदलून कोल्हापूर करा. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही इथं बसतं. वाद कोर्टात जावा अशी कुणाचीच इच्छा नसते. पण तक्रारीसाठी तुम्हाला दिल्ली गाठावी लागणार, हे दोघांनाही माहीत असलं की रोजच्या बोलण्यातही त्याचा भार जाणवतो.

सावध: "छापील नमुना आहे, बदलता येत नाही" हे ऐकलं तर एवढंच म्हणा, "मग पूरकपत्र जोडू या." नमुना न बदलता पूरकपत्र जोडता येतं, बहुतेक कायदा विभागांना ते चालतं.

## पायरी ७: काम सुरू झाल्यावर

करार कपाटात जातो आणि कारभार व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतो. म्हणून ग्रुपवर दोन्ही संस्थांचे ॲडमिन हवेत. ग्रुपवर निर्णय होणार नाही, फक्त निरोप, हा नियम पहिल्याच दिवशी लिहून टाका. रात्री साडेदहाला "उद्या सकाळी ५० महिला जमवा, पाहुणे येतायत" असा मेसेज आला तर सकाळी उत्तर द्या: तक्त्याप्रमाणे पाहुण्यांच्या भेटीला ४ दिवस आधी विचारायचं ठरलंय. पहिल्यांदा हे लिहिताना हात थरथरतो. पण पहिल्या वेळी बायका जमवल्या तर पुढच्या वेळी ते गृहीतच धरतात.

समोरचा समन्वयक बदलला की सगळं पुन्हा सांगा. मोठ्या संस्थांत माणसं वर्ष-दीड वर्षात बदलतात, आणि तोंडी ठरलेलं जुन्या माणसाबरोबर निघून जातं. नवा माणूस रुजू झाला की आठवड्याच्या आत त्याला तक्ता दाखवून सही घ्या.

दर ३ महिन्यांनी एक तास फक्त या प्रश्नासाठी ठेवा: तक्त्यात ज्याचं नाव होतं त्यानंच निर्णय घेतला का? कामाचा आढावा वेगळा, हा वेगळा.

## पायरी ८: बिघडायला लागलं तर

भागीदारीलाही इशारा पातळी असते. माझ्या अनुभवात खुणा या: सलग दोन इतिवृत्तं आली नाहीत. बैठकीत कळायच्या आधी निर्णय वर्तमानपत्रात वाचला. तुमच्या कार्यकर्त्याला परस्पर फोन जायला लागले. यातल्या दोन खुणा दिसल्या की चढत्या क्रमानं जा.

१. समन्वयकाशी समोरासमोर बोला, त्याच संध्याकाळी "आज आपलं असं बोलणं झालं" असा छोटा मेल.
२. पंधरा दिवसांत फरक नाही, तर संस्थेच्या पत्रावर, तक्त्यातल्या कलमाचा क्रमांक घालून.
३. दोन्ही संस्थांच्या प्रमुखांची बैठक, विषय एकच.
४. वादाचा भाग थांबवा, बाकीचं काम चालू ठेवा.
५. बाहेर पडण्याचं कलम.

लोक पहिल्यावरून थेट पाचव्यावर उडी मारतात, तेही गणेशोत्सवाच्या मांडवात चारचौघांसमोर बोलून. मग गावात दोन तट पडतात आणि मदत लागणारी माणसं मध्ये अडकतात. चौथी पायरी वापरून बघा. तुम्ही काय अडवू शकता हे समोरच्याला तिथं कळतं, आणि गावाचं नुकसान होत नाही.

## तुम्हीच मोठ्या बाजूला असाल तर

कोल्हापूर शहरातली संस्था पुण्या-मुंबईपुढे छोटी असते आणि शाहूवाडीतल्या बचत गटापुढे मोठी. आम्ही स्वतः एका गटाबरोबर बरोबर तेच केलं, जे आमच्याबरोबर झालं होतं. बैठक आमच्या कार्यालयात, मसुदा आमचा, आणि "ताई, इथं सही करा." त्यातल्या एक मावशी कागद हातात धरून म्हणाल्या, "वाचून दाखवा की, सही कशावर करतोय ते कळूदे." वाचायला सुरुवात केली तेव्हा पहिल्याच पानावर मलाच थांबावं लागलं.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी करतो. मसुद्याची पहिली प्रत त्यांना लिहायला देतो आणि लिहायला मदत लागली तर आमच्या पगारावर नसलेला माणूस शोधून देतो. करार गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचतो, सही मात्र त्या दिवशी घेत नाही, किमान आठ दिवसांनी घेतो. आणि एक निर्णय असा निवडतो जो पूर्ण त्यांचा, ज्यात आमचं मत विचारलं तरच द्यायचं. शाहूवाडीच्या गटानं तो बैठकीचा दिवस निवडला: अमावास्येनंतरचा पहिला सोमवार, संध्याकाळी दूध घालून झाल्यावर. आमच्या गाडीला परतायला रात्र होते. हजेरी मात्र पुरी असते.